मेट्रोपोलिस, महानगर आणि लातूरचा प्रश्न

उदगीरच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न असा आहे: "राज्यसेवेची तयारी करतोय. एका पुस्तकात मेट्रोपोलिस म्हणजे दहा लाखांवर लोकसंख्येचं शहर असं दिलंय, दुसऱ्यात 'मातृनगर' असं दिलंय. क्लासमधले सर म्हणतात, जिथं मेट्रो धावते ते मेट्रो शहर. लातूरला तर महानगरपालिका आहे, मग लातूर महानगर झालं का? की महानगर हा शब्दच इंग्रजीवरून पाडलेला आहे? नेमकं काय धरायचं?"

तुमच्या वाचनात चूक नाही. दोन्ही पुस्तकं आपापल्या जागी बरोबर आहेत. सरांचं विधान तेवढं उलटं झालंय. खरी अडचण अशी की हा एकच शब्द तीन प्रकारची माणसं तीन कामांसाठी वापरतात. इतिहासवाला त्याचं मूळ सांगतो, कायदा लिहिणारा त्याला लोकसंख्येची अट जोडतो, आणि आपण बोलताना 'मोठं शहर' एवढ्यावर भागवतो. पुस्तकं यातलं एकच उत्तर छापतात, पण ते कोणत्या अंगानं दिलंय हे लिहीत नाहीत.

मी संस्कृत आणि मराठी शिकवत आलोय आणि त्यासोबत कायद्याचे, नगररचनेचे मसुदे मराठीत आणायचं काम करतो. या कामात एक सवय आपोआप लागते. शब्दाचा अर्थ विचारण्याआधी तो कोणत्या कागदावर आलाय ते पाहायचं. विकास आराखड्यातलं 'महानगर' वेगळं, बँकेच्या परिपत्रकातलं वेगळं आणि वर्तमानपत्राच्या मथळ्यातलं आणखी वेगळं. म्हणून 'नेमकं काय धरायचं' हे तुमच्यासमोर कोणता पेपर आहे त्यावर ठरेल. तिथपर्यंत येईनच, पण मुळापासून यायला हवं. मूळ कळलं की पुढच्या व्याख्या पाठ कराव्या लागत नाहीत.

मेट्रोपोलिस हा ग्रीक शब्द. 'मेटेर' म्हणजे आई, 'पोलिस' म्हणजे नगर. किलोमीटरमधलं 'मीटर' हे 'मेट्रॉन' म्हणजे माप या वेगळ्याच शब्दापासून आलंय. त्यावरून कुणी 'मापात आखलेलं शहर' असा अर्थ काढला तर तो सोडून द्या. पण नगराला आई का म्हणायचं? इसवी सनापूर्वी आठव्या-सातव्या शतकात ग्रीक नगरांमधून माणसं जहाजं भरून बाहेर पडत होती. कुठं जमीन पुरेना, कुठं घरातलीच भांडणं, कुठं व्यापाराची ओढ. सिसिली, दक्षिण इटली, काळ्या समुद्राचा किनारा, उत्तर आफ्रिका असं जिथं जमेल तिथं त्यांनी नवी गावं वसवली. निघताना मूळ नगराच्या सार्वजनिक अग्निकुंडातला विस्तव सोबत घ्यायचा आणि नव्या गावचा अग्नी त्यावर चेतवायचा, अशी रीत होती. देव तेच, सण तेच, बोली तीच. कारभार मात्र नव्या गावाचा स्वतःचा. या नव्या गावानं आपल्या मूळ नगराला जे म्हणायचं ते मेट्रोपोलिस.

म्हणजे कुठलंही नगर एकटं असताना मेट्रोपोलिस नव्हतं. ते कुणाचं तरी मेट्रोपोलिस होतं. आई हा शब्द जसा लेकराशिवाय लागू होत नाही, तसाच हा. आकाराचा यात काहीच संबंध नव्हता, आणि याची दोन उदाहरणं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. उत्तर आफ्रिकेतलं सायरीनी हे भरभराटीचं नगर वसवलं ते थेरा बेटावरच्या लोकांनी. थेरा म्हणजे आजचं सँटोरिनी, ज्वालामुखीनं कोरून उरलेलं लहानसं बेट. तरीही मेट्रोपोलिस थेराच, सायरीनी नव्हे. दुसरं उदाहरण कॉरिंथचं. त्याच्या लोकांनी सिसिलीत सायराक्यूज वसवलं आणि पुढं सायराक्यूज ग्रीक जगातल्या सर्वांत मोठ्या नगरांपैकी एक झालं. पण नातं काही उलटलं नाही. याच कॉरिंथचं आपल्या दुसऱ्या लेकनगराशी, कॉर्सायराशी, एपिडॅम्नसवरून भांडण पेटलं. एपिडॅम्नस हे कॉर्सायरानं वसवलेलं, म्हणजे कॉरिंथचं नातवंडच. मूळ नगराचा मान कुणी राखायचा आणि किती, हा त्या भांडणातला मोठा मुद्दा होता, आणि इसवी सनापूर्वी ४३१ मध्ये अथेन्स आणि स्पार्टा यांच्यात जे मोठं युद्ध सुरू झालं त्याच्या कारणांत हे भांडण धरलं जातं. सांगायचा मुद्दा हा की हा शब्द त्यांच्यासाठी कोरी उपमा नव्हती, त्याला हक्क आणि कर्तव्यं चिकटलेली होती.

मग आईचं 'मोठं शहर' कधी झालं? टप्प्याटप्प्यानं. रोमन साम्राज्यात पूर्वेकडच्या प्रांतांमधल्या प्रमुख नगरांना मेट्रोपोलिस ही पदवी मिळू लागली. ख्रिस्ती चर्चनं तीच व्यवस्था उचलली आणि प्रांताच्या मुख्य नगरातल्या बिशपला मेट्रोपॉलिटन म्हणू लागले. केरळमधल्या चर्चच्या बातम्यांत हा शब्द तुम्हांला आजही दिसेल. युरोपीय भाषांत मग त्याचा अर्थ 'देशातलं मुख्य शहर' असा झाला, आणि औद्योगिक काळात मुख्य शहरंच अफाट वाढल्यामुळं 'अफाट मोठं शहर' हा अर्थ वर बसला. फ्रेंच भाषेनं मात्र जुना धागा सोडला नाही. तिथं समुद्रापारच्या प्रदेशांच्या तुलनेत खुद्द युरोपातल्या फ्रान्सला आजही 'मेत्रोपोल' म्हणतात.

आता आपल्याकडं येऊ, कारण मला स्वतःला या शब्दाचा खरा रस इथं आहे. ग्रीक 'मेटेर' आणि संस्कृत 'मातृ' हे एकाच मूळ धातूचे शब्द आहेत, हे तुम्ही कुठंतरी वाचलं असेल. 'पोलिस' आणि संस्कृत 'पुर्' हेही तसेच सख्खे आहेत, हे कमी जणांना माहीत असतं. 'पुर्' म्हणजे मुळात तटबंदीची जागा. लिथुआनियन भाषेत याच कुळातला 'पिलिस' म्हणजे किल्ला. तेव्हा मेट्रोपोलिस हा शब्द तुकड्या-तुकड्यानं संस्कृतात मांडला तर काय होतं? मातृपुर, मराठी वळणानं मातापूर. आणि मातापूर हे नाव आपल्या मराठवाड्यात खरोखर आहे. नांदेड जिल्ह्यातल्या माहूरचं ते जुनं नाव. महानुभावांच्या जुन्या ग्रंथांत ते याच नावानं येतं.

इथं सावध राहायला हवं, कारण असल्या साम्यावरून लोक फार लांब उड्या मारतात. माहूरला ग्रीकांनी नाव दिलं नाही आणि ग्रीकांनी आपल्याकडून शब्द नेला नाही. माहूर हे रेणुकामातेचं ठाणं, साडेतीन पीठांतलं एक, म्हणून ते मातेचं पूर. तिथं आई म्हणजे देवी, आणि ग्रीकांकडं आई म्हणजे खुद्द नगर. सुटे शब्द एका घराण्यातले, जोडशब्द मात्र दोन्हीकडं आपापले तयार झाले. परीक्षेत विचारलं तर एवढंच लिहा: 'मातृ' आणि 'मेटेर', 'पुर' आणि 'पोलिस' हे सजातीय शब्द आहेत. याच्या पुढं जाऊ नका.

पोलीसदादांचा 'पोलीस' याच्याशी जोडलेला आहे का, असा पुढचा प्रश्न हमखास येतो. आहे, पण फिरून आलेला. पोलिसवरून 'पोलितेइया' म्हणजे नगराचा कारभार, तिथून लॅटिनमध्ये, तिथून फ्रेंचमध्ये 'कारभार, बंदोबस्त' आणि शेवटी इंग्रजीत बंदोबस्त ठेवणारं खातं. आणि आपल्या बाजूचा नमुना हवा असेल तर 'महापौर' घ्या. सावरकरांनी मेयरसाठी हा शब्द रूढ केला. पौर म्हणजे पुरात राहणारा, नागरिक. महापौर म्हणजे नागरिकांतला पहिला. त्यातही तेच 'पुर' आहे. गोदावरीला येतो तो पूर मात्र वेगळा, तो 'भरणे' या अर्थाच्या धातूवरून आलाय. वैजापूर-गंगापूरचा 'पूर' आणि नदीचा पूर मराठीत सारखे लिहिले जातात, एवढंच.

'महानगर हा शब्द इंग्रजीवरून पाडलाय का?' या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे. पाली महापरिनिब्बान सुत्तात आनंद बुद्धांना विनवतो की या लहानशा कुसिनारेत देह ठेवू नका, दुसरी 'महानगरानि' आहेत, आणि सहा नावं घेतो: चंपा, राजगृह, श्रावस्ती, साकेत, कौशांबी, वाराणसी. म्हणजे दोन हजार वर्षांहून जुन्या मजकुरात महानगर हा शब्द आजच्याच अर्थानं, मोठं नगर म्हणून, वापरलेला आहे. आधुनिक आहे तो फक्त मेट्रोपोलिसशी त्याची घातलेली सांगड. आणि ही सांगड नीट पाहिली तर लक्षात येतं की महानगर हे मेट्रोपोलिसचं भाषांतर नव्हेच. शब्दाला शब्द लावायचा तर महानगर बसेल ते मेगालोपोलिसवर, कारण ग्रीक 'मेगास' म्हणजे मोठा, आणि तो व संस्कृत 'महत्' पुन्हा एकाच कुळातले आहेत. ज्यांनी हा शब्द निवडला त्यांनी मूळ अर्थ न घेता चालू अर्थ घेतला. मी त्यांना दोष देणार नाही. मसुदा करताना मीही 'महानगर'च लिहितो, कारण वाचणाऱ्याला आजचा अर्थ हवा असतो.

पण मूळ अर्थासाठी आपल्याकडं शब्द नाही असं मात्र समजू नका. अमरकोशाच्या पुरवर्गात नगरासाठीचे शब्द दिल्यावर लगेच येतं: "अन्यत्तु यन्मूलनगरात्पुरं तच्छाखानगरम्". मूळ नगराहून वेगळं असं जे पुर, ते शाखानगर. मूलनगर आणि शाखानगर ही जोडी किती नेमकी आहे पाहा. मेट्रोपोलिस आणि त्याची वसाहत हे नातं तर यात येतंच, शिवाय आजचं मोठं शहर आणि त्याला लागून वाढलेली उपनगरंही येतात. आनंदच्या त्या विनवणीतही कुसिनारेला 'साखानगरक' म्हटलंय. मला विचाराल तर भूगोलाच्या पुस्तकांनी ही जोडी परत वापरात आणायला हवी. छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेला औद्योगिक वसाहतीला लागून सिडकोनं जी वस्ती आखली, तिचं नाव 'वाळूज महानगर' आहे. रिक्षावालाही 'महानगर' म्हटलं की तिकडंच वळतो. अमरकोशाच्या हिशेबानं पाहिलं तर ते नेमकं उलट, म्हणजे शाखानगर आहे. वाळूजला राहणाऱ्यांनी याचा राग धरू नये. शाखा म्हणजे कमीपणा नव्हे, फक्त मूळ कुठलं हे त्यातून कळतं.

हे नातं आपल्या इतिहासात किती जिवंत होतं, ते आता सांगतो. यासाठी तीन गावं घ्या: पैठण, तेर आणि लातूर.

पैठण म्हणजे प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या भूगोलात ते 'बैठण' म्हणून येतं आणि तिथं राजाचं ठाणं असल्याची नोंद आहे. तेर म्हणजे तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणांत, ज्यांना आपण पेरिप्लस म्हणतो, लिहिलंय की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगरहून जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांवरून भडोचला जायची. तगरला तो 'पोलिस मेगिस्ते' म्हणतो, म्हणजे अतिशय मोठं नगर. त्यानं मेट्रोपोलिस म्हटलेलं नाही, मोठंच म्हटलंय. ग्रीक माणूस होता, त्याला दोन्ही शब्दांतला फरक ठाऊक होता.

पण त्याच तगरला पुढं मेट्रोपोलिसचं नातंही मिळालं, आणि ते दिलं आपल्याच राजांनी. उत्तर कोकण, दक्षिण कोकण आणि कोल्हापूर अशा तीन ठिकाणी शिलाहारांची राज्यं होती. ती सगळी तेरच्या तेरणा नदीपासून दूर. तरीही ताम्रपटांत आणि शिलालेखांत ते स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवतात, तगर या श्रेष्ठ नगराचे स्वामी. त्यांची सत्ता तगरवर होती म्हणून नव्हे, आपलं कूळ तिथून निघालं म्हणून. राष्ट्रकूटांचंही तसंच. राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचं कर्नाटकातलं मालखेड. पण अमोघवर्षाच्या काळच्या लेखांत ते स्वतःला लट्टलूर नगराचे स्वामी म्हणवतात. हे लट्टलूर म्हणजे आपलं लातूर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सौंदत्तीच्या रट्टांनीही हेच नाव आपल्या बिरुदात जपलं. देवगिरीच्या यादवांचं बिरुद 'द्वारावतीपुरवराधीश्वर'. राज्य मराठवाड्यात, पण मूळ नगर म्हणून नाव घेतात द्वारकेचं.

हे बिरुद जरा फोडून बघा. पुर, वर, अधीश्वर. नगर, श्रेष्ठ, धनी. यात आईचा शब्द नाही, पण काम तेच आहे. दूर गेलेलं कूळ आपल्या निघालेल्या नगराचं नाव पिढ्यान् पिढ्या सनदांवर कोरत राहतं. कॉरिंथ आणि सायराक्यूजचं जे नातं, तेच तेर आणि उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या ठाण्याचं. फरक इतकाच की तिकडं नगरानं नगराला जन्म दिला आणि इकडं नगरातून कूळ निघालं. संस्कृतात हे सगळं 'मूलनगर' या एका शब्दात मावतं.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो की तीन कल्पना वेगळ्या ठेवायच्या असतील तर ही तीन गावं लक्षात ठेवा. पैठण हे राजधानीचं उदाहरण, पेरिप्लसमधलं तगर हे मोठ्या नगराचं, आणि लट्टलूर हे मूलनगराचं. राजधानी, महानगर आणि मेट्रोपोलिस या तीन गोष्टी आहेत. एकच शहर तिन्ही असू शकतं, पण असेलच असं नाही. तेर आज धाराशिव जिल्ह्यातलं एक गाव आहे. गोरोबाकाकांच्या समाधीसाठी लोक येतात, त्रिविक्रमाचं जुनं देऊळ आहे, आणि लामतुरे संग्रहालयात तगरच्या टेकाडांतून निघालेली खापरं, मणी, मातीच्या मूर्ती आणि हस्तिदंताची एक लहान बाहुली ठेवलेली आहे. तशीच हस्तिदंती मूर्ती इटलीत पॉम्पेईला सापडली होती. कधी धाराशिवला परीक्षेच्या निमित्तानं गेलात तर एसटीनं तेरला जाऊन या. पेरिप्लसमधली ती एक ओळ डोळ्यांसमोर उभी राहते.

आता कायद्याकडं. हा भाग रुक्ष आहे, पण गुण इथंच मिळतात. १९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती, १ जून १९९३ पासून लागू. तिच्यातल्या कलम २४३-पी मध्ये 'महानगर क्षेत्रा'ची व्याख्या आहे: दहा लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्या, एका किंवा अधिक जिल्ह्यांत पसरलेलं, दोन किंवा अधिक नगरपालिका, पंचायती किंवा लगतचे भाग मिळून झालेलं, आणि राज्यपालांनी अधिसूचनेनं जाहीर केलेलं. यातली मेख पाहा. व्याख्या शहराची नाही, क्षेत्राची आहे. एकटं शहर, मग ते कितीही मोठं असो, या कलमापुरतं महानगर क्षेत्र होत नाही. आजूबाजूची गावं आणि पालिका त्यात यायला हव्यात. म्हणजे कायद्यानंसुद्धा नकळत नातंच धरलंय. एक मूळ शहर आणि त्याच्याभोवती त्यावर अवलंबून असलेला मुलूख.

बाकीच्या व्याख्या पटकन सांगतो. रिझर्व्ह बँक दहा लाख आणि त्यावरच्या केंद्राला महानगर म्हणते, एक ते दहा लाख शहरी, दहा हजार ते एक लाख निमशहरी, त्याखाली ग्रामीण. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत दहा लाखांवरच्या शहराला महानगर क्षेत्र जाहीर करून तिथं महानगर दंडाधिकारी नेमत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं हा वेगळा वर्गच काढून टाकला. जुन्या नोट्स वाचत असाल तर हे दुरुस्त करून घ्या. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यात मेट्रो हा शब्दच नाही. तिथं पन्नास लाखांवर एक्स, पाच ते पन्नास लाख वाय आणि त्याखाली झेड. आणि एक कोटीवर गेलेल्या शहराला संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत मेगासिटी म्हणतात.

यावर आपली शहरं ठेवून पाहू. २०११ च्या जनगणनेत छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचं औरंगाबाद, पावणेबारा लाखांच्या आसपास होतं. मराठवाड्यात दहा लाखांची रेषा ओलांडणारं तेच एक. नांदेड साडेपाच लाख, लातूर पावणेचार लाखांच्या थोडं वर, परभणी तीन लाखांच्या वर, जालना तीन लाखांच्या आत. आणि महानगरपालिका? औरंगाबादला १९८२ मध्ये, नांदेड-वाघाळ्याला १९९७ मध्ये, लातूर आणि परभणीला २०११ मध्ये, जालन्याला २०२३ मध्ये. म्हणजे महानगरपालिका पाच, आणि दहा लाखांचं शहर एक. तुमचा गोंधळ होतो तो नेमका इथं.

तो सुटतो समास नीट फोडला की. 'महानगरपालिका' हा शब्द दोन तऱ्हांनी तोडता येतो. महानगर अधिक पालिका, म्हणजे महानगराचा कारभार पाहणारी संस्था. किंवा महा अधिक नगरपालिका, म्हणजे नगरपालिकेहून वरच्या दर्जाची नगरपालिका. घटनेत कलम २४३-क्यू मध्ये तीन पायऱ्या आहेत: नगर पंचायत, नगरपरिषद आणि तिसरी 'मोठ्या नागरी क्षेत्रा'साठीची. या तिसरीच्या इंग्रजी नावात मेट्रोपोलिस कुठंच नाही. ते साधं म्युनिसिपल कॉर्पोरेशन आहे. हिंदीतही नगर निगमच. 'महा' आपण मराठीत लावला, तो पायरी दाखवायला. म्हणून लातूरच्या बाबतीत दुसरी फोड घ्या. लातूरला महा-नगरपालिका आहे, पण आजच्या कायद्याच्या आणि बँकेच्या अर्थानं लातूर महानगर नाही. मला ही फोड जास्त सयुक्तिक वाटते, कारण ती घटनेतल्या पायऱ्यांशी जुळते. मुंबईसारख्या ठिकाणी दोन्ही फोडी लागू पडतात, त्यामुळं तिथं हा प्रश्न कुणाला पडत नाही.

सरांच्या मेट्रोबद्दल. लंडनमध्ये १० जानेवारी १८६३ रोजी जगातली पहिली भुयारी प्रवासी रेल्वे सुरू झाली, तिच्या कंपनीचं नाव मेट्रोपॉलिटन रेल्वे. पॅरिसमध्ये १९०० साली सुरू झालेल्या रेल्वेच्या नावातही 'मेत्रोपोलितें' होतं. लोकांनी त्याचं तोडून 'मेत्रो' केलं आणि तोच तुकडा जगभर गेला. म्हणजे शहरावरून रेल्वेला नाव पडलं, रेल्वेवरून शहराला नाही. मेट्रो धावते म्हणून शहर मेट्रो होत असतं तर कोलकाता १९८४ च्या आधी मेट्रो नव्हतं असं म्हणावं लागेल. आपल्याकडं 'मेट्रो शहरं' हा बोलण्यातला शब्द मुळात मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई या चौघांसाठी रुजला. प्राप्तिकरातल्या घरभाड्याच्या सवलतीसाठी दीर्घकाळ हीच चार शहरं वेगळी धरली जात होती.

मग कोणत्या पेपरात काय? राज्यव्यवस्थेच्या प्रश्नात 'महानगर क्षेत्र' आलं की कलम २४३-पी, दहा लाख, दोन किंवा अधिक स्थानिक संस्था आणि राज्यपालांची अधिसूचना. यातला 'दोन किंवा अधिक' हा तुकडा विसरू नका, पर्याय तिथंच फिरवतात. बँकेच्या परीक्षेत फक्त दहा लाख. भूगोलात मेट्रोपोलिस, मेगासिटी आणि मेगालोपोलिस ही चढण विचारतात. मेगालोपोलिस म्हणजे शहरं एकमेकांना भिडून झालेला सलग पट्टा, आणि हा अर्थ जॉं गॉटमन यांनी बोस्टन ते वॉशिंग्टन या पट्ट्याच्या १९६१ च्या अभ्यासातून रूढ केला. भाषेच्या किंवा निबंधाच्या पेपरात मात्र व्युत्पत्तीपासून सुरुवात करा. मेटेर, पोलिस, मातृनगर, मग मूलनगर-शाखानगर. तगर आणि लट्टलूरची उदाहरणं तिथं बिनधास्त घाला. लट्टलूरपुढं 'बहुतेक अभ्यासकांच्या मते लातूर' एवढे शब्द जोडायला विसरू नका. तगर म्हणजे तेर ही ओळख शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडली आणि ती आता सर्वमान्य आहे, तिथं 'मते' लिहायची गरज नाही.